तीन बोटांची गोवरी

चिंधानानांनी उभं आयुष्य धुळे डेपोच्या एस.टी. गाड्या हाकल्या, पण घराचा उंबरा ओलांडला की ते पॅसेंजर. घराचं स्टेअरिंग कलाबाईंच्या हातात. कधी जेवायचं, कुठली पिशवी घेऊन बाजारात जायचं, कुणाच्या लग्नाला कुठला सदरा घालायचा, हे सगळं त्या ठरवायच्या आणि घाटात कुणाच्या बापाला बाजू न देणारा हा माणूस मुकाट्यानं ऐकायचा. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. डेपोत साहेब सारखे बदलतात, घरात एकच साहेब आहे, ते बरं, असं ते म्हणत.

नावाचं म्हणाल तर आधीची दोन मुलं हाती लागली नाहीत, म्हणून आईनं ह्याचं नाव चिंधा ठेवलं. फाटक्या नावाकडे कुणाची दृष्ट जात नाही म्हणतात. ते खरं असावं, कारण नाना चांगले टिकले. रिटायर झाले, देवपुरात दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं, एकुलती लेक लिला जामनेरकडे पहूरला दिली आणि मग घरात बसून काय करायचं ते त्यांना काही केल्या समजेना.

कलाबाईंना तो प्रश्न कधीच पडला नाही. घरामागे त्यांचा परस होता. न्हाणीच्या पाण्यावर अळू, कुंपणाला घोसाळी म्हणजे आमची गिलकी, उन्हात मिरच्या, कडुनिंबाच्या पलीकडे वांगी आणि न्हाणीच्या पत्र्यावर पसरलेला गंगाफळाचा वेल. ज्याला बाकीचा मुलूख लाल भोपळा म्हणतो ते आमच्याकडे गंगाफळ, आणि श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते तेव्हा नैवेद्याच्या ताटात त्याची भाजी लागतेच. गल्लीतल्या निम्म्या घरांच्या ताटात ती कलाबाईंच्या पत्र्यावरून जायची. नानांचं काम एवढंच, की मागू तेव्हा कुदळ द्यायची आणि मध्ये मध्ये करायचं नाही.

पंच्याऐंशी सालच्या भादव्यात एकदा नाना ओट्यावर बसून होते आणि कलाबाई मिरच्यांत निंदत होत्या. नानांनी पाहिलं तर बाई तण तसंच ठेवून मिरचीची रोपं उपटत होत्या. एक, दोन, बघता बघता अर्धा वाफा. त्या घरात गेल्यावर त्यांनी ती रोपं गुपचूप परत खोचली. काही जगली, काही मेली. पण त्या दिवसापासून ते बाईंच्या डोळ्यांवर नजर ठेवून राहू लागले.

चैत्रात डॉक्टरांनी कलाबाईंच्या डोळ्यांत बॅटरी मारून सांगितलं, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा पिकत आलाय, पण अजून कच्चा आहे. पिकू द्या. दिवाळीनंतर या, काढून टाकू." त्या काळी तशीच रीत होती. डोळा पिकेपर्यंत आंधळं होत जायचं आणि वाट पाहायची.

रिक्षात बसल्या बसल्या कलाबाई फणकारल्या, "पिकू द्या म्हने! मना डोया शे का सीताफय?"

रिक्षावाला हसला. नानांना हसू आलं नाही. ते म्हणाले, "दिवाळी झायी का काढी टाकसूत."

"काही काढनं नही. मना मावशीना डोया काढा, मंग पू व्हयना आनि व्हतं तेवढं दिसनंबी गयं. मी शे तशी बरी."

ह्या बाईला भीती वाटते ही गोष्टच नानांना नवी होती. संध्याकाळी अंधार पडायच्या आत त्या चाचपडत खाटेवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "औंदा परस मोकळा राहू द्या. माले आते काय दिसस?"

नानांना डोळ्यांच्या बातमीनं जेवढा धक्का बसला नव्हता तेवढा ह्या वाक्यानं बसला. परसाशिवाय कलाबाई म्हणजे कोण, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पण आयुष्यभर हट्टी गाड्या चालू केलेला माणूस. धक्का कुठून द्यायचा हे त्यांना बरोबर समजायचं.

दुसऱ्या दिवशी ते कुदळ घेऊन परसात उतरले आणि खाटेवर ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागले, "हाई बरी जागा शे. आठे निंबना बुडले वांगी लावस. आनि मिरच्या न्हानीना पानीवर."

खाटेवर काही हालचाल नाही.

"आनि गिलकी आठे मझारमा लावस. पसरू दे जिमिनवर, मांडव कसाले पाहिजे?"

"ओ लिलाना बाप!" आतून हाक आली. "निंबना सावलीमा वांगी लावतस का कोनी? आनि गिलकी जिमिनवर टाकी ते सडी जाई! तुमले मेथी आनि कोथमीरमातला फरक तरी समजस का?"

"वास लिसन समजस."

"तुमनं नाक डिझेलनं शे. ऱ्हा तठेच, हात लावू नका कसाले," असं म्हणत कलाबाई भिंतीला धरून दारात आल्या. नाना पाठ फिरवून हसले. गाडी चालू झाली होती.

मग चार-पाच दिवस परसाची आखणी चालली. कलाबाईंनी दारात बसून तोंडानं नकाशा काढायचा आणि नानांनी पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर. सगळा परस त्यांच्या डोक्यात होता. दुपारी निंबाची सावली कुठवर येते, हातपंपाचं पाणी कुठून वाहतं, कुठे खोदलं की मुरूम लागतो, सगळं तोंडपाठ. नानांनी एक वाफा वाकडा आखला, तर त्या नुसत्या त्यांच्या पावलांच्या आवाजावरून म्हणाल्या, "पंपकडे जास्ती सरकनात तुमीन." आता ह्याला काय म्हणायचं?

पण त्यांना स्वतःला परसात फिरता येईना ही खंत होती. त्यावर नानांनी एस.टी.तलाच उपाय काढला. जुन्या गाड्यांत कंडक्टरच्या घंटीची दोरी पुढून मागपर्यंत डोक्यावरून गेलेली असायची, तशी त्यांनी मागच्या दारापासून निंबापर्यंत कमरेएवढ्या उंचीवर एक सुती दोरी बांधली. दोरीला वाफ्यावाफ्याला गाठी. एक गाठ म्हणजे मिरच्या, दोन म्हणजे वांगी, तीन म्हणजे गिलकी, आणि शेवटी निंबापाशी, न्हाणीला लागून, मोठी गाठ, तिथे गंगाफळ. घराच्या टोकाला बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ.

"एक झटका दिधा ते मी थांबस, दोन दिधात ते मी येस," नानांनी नियम सांगितला.

कलाबाईंनी दोरीला धरून पहिली फेरी मारली. मोठ्या गाठीपाशी त्या थांबल्या. गाठ मुठीत धरली. मग म्हणाल्या, "आयका. गंगाफय आखाजीले लावनं पडस, तव्हय ते कानबाईले हातमा येस. एक फळ मी वेलवरच ठेवसू. ते पिकनं, देठ वायना, नख शिरनं नही, ते दिवाळीनंतर मी डोया काढाले येसू. नही पिकनं, ते तुमीन पुन्हा डोयानं नाव काढानं नही. बोल दिधा?"

"दिधा," नाना म्हणाले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लावलेलं गंगाफळ दरसाल पिकत होतं. ह्याहून सोपा सौदा कुठला?

"मंग बी आना. मांगनी भिंतवर पत्राखाल तीन बोटंनी गोवरी शे."

खानदेशातल्या बायका भोपळ्याचं, गिलक्याचं बी ओल्या शेणात दाबून त्याची गोवरी भिंतीला थापून ठेवतात. किडा लागत नाही, उंदीर शिवत नाही. लावणीच्या वेळी गोवरी फोडायची आणि शेणासकट तुकडे मातीत घालायचे. सरपणाच्या गोवरीवर अख्खा पंजा उठतो. कुणी चुकून ती बियाण्याची गोवरी चुलीत घालू नये म्हणून कलाबाई तिच्यावर तीनच बोटं खोल रुतवत. ही त्यांच्या आईची रीत, आणि बीही कलाबाई लग्न होऊन पहूर सोडून आल्या तेव्हा आईनं लुगड्याच्या पदरात बांधून दिलेलं. चपट्या, फाकाफाकांच्या गंगाफळाचं.

नाना मागच्या भिंतीपाशी गेले आणि पत्र्याखाली पाहिलं. गोवरी नव्हती. भिंतीवर तिचा गोल डाग तेवढा होता.

डागाकडे पाहता पाहता त्यांना सगळं आठवलं. माघातली कडाक्याची थंडी. कलाबाईंचे डोळे अधू झाल्यापासून बंब पेटवायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. सरपण संपलं होतं आणि भिंतीला एक गोवरी चिकटलेली दिसली. बोटं-बिटं पाहायची असतात हे डेपोत कुणी शिकवलं नव्हतं. चांगली पेटली होती ती. आत काहीतरी तडतड वाजलं तेव्हा वाळलेली गोवरी कशी तडतडते म्हणून त्यांनी तिचं कौतुकही केलं होतं. आणि कलाबाई न्हाऊन आल्यावर म्हणाल्या होत्या, "आज पानी बरं तपनं."

"सापडनी का?" दारातून आवाज आला.

"शे," नाना म्हणाले. "वर शे. शिडी लागी. आखाजीले काढसू."

उभ्या आयुष्यात ह्या माणसानं बायकोला थाप मारली नव्हती, कारण पचलीच नसती. आता मारली तीही कुठे, तर जिच्यावर तिचा डोळा अवलंबून अशा गोष्टीत. पहूरला लिलाकडे तेच बी होतं, पण लिलाच्या तोंडात तीळ भिजत नाही. बापाला बी देऊन ती आईला कळवायला पुढची गाडी धरून आली असती. आणि कलाबाईंना गोवरी जळाली हे समजलं, तर त्या अपशकुन धरून बसतील आणि डोळ्याचा विषय कायमचा संपेल, ह्याची नानांना शंभर टक्के खात्री होती.

ते तडक पाच कंदीलच्या बाजारात गेले आणि एकेक गंगाफळ टायर तपासावं तसं ठोकून पाहू लागले. भाजीवाली म्हणाली, "नाना, पंक्चर नही त्यामा. लयी जा बिनधास्त." नानांनी त्यातलं जाडजूड, लांबट, गुळगुळीत एक उचललं. चपटं फाकांचं काही मिळालं नाही.

गच्चीवर कलाबाई आता येत नसत, तेव्हा तोच नानांचा कारखाना झाला. बिया काढून, धुऊन चैत्राच्या उन्हात वाळवल्या. शेजारच्या गल्लीत अभिमनचा गाईंचा गोठा होता, तिथून पाटीभर शेण आणलं. अभिमननं विचारलं, "नाना, शेन कसाले?" नाना म्हणाले, "सारवाले." घरात सगळीकडे शहाबादी फरशी आहे हे अभिमनला माहीत होतं, पण त्यानं पुढे विचारलं नाही.

बिया घालून नानांनी गोवरी थापली आणि तीन बोटं रुतवणार, तोच पलीकडच्या गच्चीवरून आवाज आला, "नाना! काय करी राहिनात?"

शेजारची पुष्पाबाई कुरडया वाळत घालायला वर आली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत शेणात, अशा अवस्थेत नानांना काही बनाव सुचेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं. पुष्पाबाई आधी हसली, इतकी की कुरडईच्या चिकाचं पातेलं तिला खाली ठेवावं लागलं. मग तिचे डोळे भरून आले, आणि तिनं शपथ घेतली, की कलाअक्काला प्राण गेला तरी सांगणार नाही. नानांनी उरलेलं गंगाफळ तिच्या हवाली केलं. पुराव्याची विल्हेवाट लागली, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी पुष्पाबाई त्याच गंगाफळाच्या भाजीची वाटी घेऊन कलाबाईंकडे हजर! गल्लीतली सवयच तशी; केलं की अक्काला वाटी द्यायची. बिचारीच्या हे डोक्यातच आलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं नानांचं झालं. ते वाटीकडे पाहत बसून राहिले.

कलाबाईंनी घास घेतला. "गोड शे वं पुष्पा. गंगाफय कोठेन आनं?"

"ते... आमना घरनासनी आनं अक्का. बजारमाईन."

"बिया ठेवी लिन्यात का?"

नानांना ठसका लागला. पुष्पाबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "फेकी दिन्यात."

"फेकू नही. कोनले तरी कामले येतस," कलाबाई म्हणाल्या आणि पुढचा घास घेतला.

आखाजीला दरसाल लेकी माहेरी येतात. लिलाची सासू आजारी पडली आणि ती येऊ शकली नाही, तेव्हा लेक न आल्याचा आनंद झालेला सबंध धुळ्यातला एकच बाप असावा. सकाळी पितरांची घागर भरली, सांजोरी-आंब्याचा नैवेद्य झाला आणि कलाबाई दोरीला धरून मोठ्या गाठीपर्यंत गेल्या. आळं तयार होतं. नानांनी शिडी उगीचच वाजवली आणि गोवरी त्यांच्या हातात दिली.

कलाबाईंनी ती दोन्ही हातांत फिरवली. कड चाचपली. मग त्यांची तीन बोटं त्या तीन खळग्यांत गेली आणि तिथेच थांबली. निंबावर कावळा ओरडत होता, त्यालाही हाकलायचं नानांना सुचलं नाही.

"बरी वायनी," कलाबाई एवढंच म्हणाल्या. त्यांनी गोवरी फोडली, तुकडे आळ्यात घातले, माती सारली आणि ओंजळीनं पाणी दिलं. मग मातीला हात लावून तो कपाळाला लावला. नानांनीही लावला. त्यांनी मनात काय मागितलं ते सांगायला नको.

सहाव्या-सातव्या दिवशी कोंब वर आले. तेव्हापासून नानांना दुसरं काम राहिलं नाही. घुंगरू दोनदा वाजलं की धावायचं. "शेंडा पत्रावर चढाडा." "आये भरी द्या." "फुलना खाल गोटी शे का देखा. गोटीवाली मादी. नर फूल तोडीसन तिनावर झटका." आयुष्यभर डिझेल हुंगलेल्या माणसानं पहाटे उठून फुलांची लग्नं लावली. मिरच्या झाल्या, वांगी झाली, गिलकी तर इतकी, की गल्लीनं हात जोडले. कलाबाई दोरीवरून फिरायच्या, पानं बोटांत धरून वास घ्यायच्या, आणि दिसायचं दिवसेंदिवस कमी होत असूनही त्यांचा आवाज पहिल्यासारखा चढा लागायला लागला. नानांना शिव्या खाऊन एवढं सुख कधी झालं नव्हतं.

चिंता फक्त पत्र्यावर होती. फळं धरली ती लांबट, गुळगुळीत. एकात फाकेचं नाव नाही. कानबाई जवळ आली आणि कलाबाई म्हणाल्या, "माले फळले हात लावू द्या." नानांनी पाऊस आहे, पत्रा निसरडा आहे, पत्र्याखाली विंचू निघाला, अशी सगळी कारणं करून पाहिली. शेवटी एक फळ तोडून समोर ठेवावं लागलं. कलाबाईंनी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला.

"औंदा पाय लांब करीसन बसनं," त्या म्हणाल्या. "खत जास्ती व्हयनं व्हई."

"व्हय, खतनंच शे ते," नाना इतक्या घाईनं म्हणाले, की शेजारच्या परसातली पुष्पाबाई तोंडाला पदर लावून घरात पळाली.

कानबाईचा नैवेद्य पार पडला. वेलावर दोन फळं पिकायला ठेवली. भादव्याच्या झडीत त्यातलं एक खालून सडलं आणि गळून पडलं. मग उरलं एकच. नानांनी ट्रंकेतून आपला खाकी सदरा काढला, ज्याला त्यांनी रिटायर झाल्यावर कुणाला हात लावू दिला नव्हता, आणि त्याची झोळी करून फळ वाशाला टांगलं, म्हणजे खाली ओल लागायला नको. माकडं आली तर म्हणून ते दुपारचे ओट्यावरच लवंडायचे. झोपेतसुद्धा पाय ब्रेकवर दाबल्यासारखा हलायचा.

आणि एवढं करून त्यांना मनातून खात होतं ते वेगळंच. फळ पिकेल, पण ते तिचं फळ नाही. खोट्या गोवरीवर बाईनं आपला डोळा पणाला लावलाय. उद्या डोळ्याचं बरंवाईट झालं, तर तोंड कसं दाखवायचं? कितीदा त्यांनी सांगायला तोंड उघडलं, आणि कितीदा मिटलं.

दसऱ्याच्या सुमाराला देठ वाळला. कलाबाईंनी सालीवर नख दाबलं. शिरलं नाही. पुन्हा दाबलं, दुसऱ्या जागी. मग नख पदराला पुसत त्या म्हणाल्या, "चला मंग. डॉक्टरले इचारी या."

बस, एवढंच. नानांनी समजूत घालायला सहा महिने जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं वाया गेली.

डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा पिकलाय. दिवाळीनंतर त्यातला मोतीबिंदू काढला. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून हलायचं नाही, खोकायचं नाही अशी ती शिक्षा होती, आणि कलाबाईंनी ती निमूट भोगली. नाना बाजूला स्टुलावर बसून होते. नर्सनं बाहेर काढलं तर खिडकीशी बसले. पट्टी सुटली, मग काही आठवड्यांनी बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आला. तो लावून कलाबाईंनी नानांकडे नीट निरखून पाहिलं.

"तुमनं नाक इतलं मोठं व्हतं का पह्यलेपासून?"

नाना तिथेच, दवाखान्याच्या व्हरांड्यात, लहान मुलासारखे रडले. नाकाचं कुणाला वाईट वाटलं म्हणून इतकं रडतात का, असं कलाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या आणि त्यांनी आपल्या पदरानं ते मोठं नाक पुसलं.

माघात लिला आईला भेटायला आली. सोबत पहूरचं गंगाफळ, चपटं, फाकाफाकांचं, आजीच्या बियाण्याचं. ते पाहून नानांचा जीव भांड्यात पडला. देवानंच चूक दुरुस्त करायला पाठवलं म्हणायचं! आता हे बी गोवरीत गेलं की झालं. मधल्या एका सालाचं कुणाला काही कळायला नको.

पण दुपारी कलाबाईंनी लिलाचं गंगाफळ चिरून भाजीला टाकलं आणि परसात शेण कालवायला बसल्या. समोरच्या सुपात बिया होत्या त्या खाकी सदऱ्यातल्या, लांबट गंगाफळाच्या.

नाना चपापले. "आवं, लिलानं बी ले ना. तुनी मायनं शे ते."

"मायनं पहूरले शे. तठे ते जगी. आठे हाईच."

त्यांनी बिया दाबल्या, गोवरी गोल केली आणि मग ती ओली गोवरी नानांच्या पुढे धरली. "दाबा. तीन बोटं."

"मी?"

"मंग कोन? मांगला सालबी तुमनाच व्हतात ना."

नाना शेणाच्या पाटीपाशी उकिडवे बसले. "तुले कव्हय समजनं?"

"आखाजीले. मनी बोटं त्यामा घालात, ते जागा उरनी. आनि पुष्पानी भाजी काय मी इसरी गयी व्हतू? मिरच्या परत खोच्यात तेबी माले माहीत व्हतं. मी आंधी व्हतू, येडी नव्हतू."

"मंग बोलनी काबर नही? मी वरीसभर झुरी राहिन्तू."

कलाबाईंनी चष्मा सावरला. शेणाचा हात चष्म्याला लागला, तो पुसायचंही त्यांनी मनावर घेतलं नाही. "काय बोलू? माले भ्याव डोयाना नव्हता. डोया गया ते माले कोन देखी, त्याना व्हता. तुमनी बोटं मना हातले लागनीत आनि माले वाटनं, हाऊ मानूस मनाकरता गच्चीवर बसीसन शेन थापस. मी आंधी राहिनू तरी हाऊ माले टाकाव नही. तव्हयच भ्याव गया. गंगाफय पिको का ना पिको, मी येनारच व्हतू."

"मंग ते फुलंना लगीन, ती झोळी, ते सगळं कसाले करी लिधं मनाकडथीन?"

"तुमले परस शिकाडना व्हता," कलाबाई म्हणाल्या. "आते दाबा. शेन वायी राहिनं."

नानांनी तीन बोटं रुतवली. ती उथळच गेली म्हणून कलाबाईंनी त्यांच्या मनगटाला धरून ती अजून खोल दाबली. मग नाना शिडीवर चढले, ह्या वेळी खरोखरच शिडी लागली, आणि त्यांनी गोवरी पत्र्याखाली त्या जुन्या डागावरच थापली.

खालून कलाबाई जाड चष्म्यातून वर पाहत होत्या. गोवरी सरळ लागली आहे का ते त्यांनी मान तिरपी करून पाहिलं.

"बरी शे," त्या म्हणाल्या. "आनि आयका. सरपन सरनं ते सरू द्या. औंदा माले कोमट पानी चाली."